‘थांबा’ म्हणण्याची विद्या

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाकडे लेख मागितला, की तो एखाद्या सत्याग्रहावर, लेण्यावर किंवा धम्मपरिषदेवर येणार, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. या वेळी आम्ही विषय निवडला आहे तो जमिनीच्या पोटातला. भुयार कसे खणतात, खणण्याआधी जमिनीची कोणती चौकशी करावी लागते, आणि ही चौकशी करण्याची विद्या आपल्या मुलामुलींच्या हाती येणे का अगत्याचे आहे, याचा हा अभ्यासलेख आहे. इतिहासही त्यात येईलच. कारण जमिनीखाली कोण उतरले आणि वर उभे राहून हुकूम कोणी दिले, हा प्रश्न शेवटी इतिहासाचाच आहे.

लेखाचे निमित्त आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने पुरवले. आपल्या वसतिगृहात पाच वर्षे राहून तो दहावी झाला. पुढे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, मग पदवी आणि त्यानंतर भू-तांत्रिक अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण त्याने पूर्ण केले. आज तो भुयारी कामांवर नोकरी करतो. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, एक पैसाही न घेता तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला मार्गदर्शन करतो. हा गट लहान भुयार खणणारे यंत्र तयार करीत आहे. गेल्या हिवाळ्यात तो देवळाली प्रवऱ्यास घरी आला असता आम्ही त्याला वर्गावर बोलावले. नववीच्या मुलांसाठी त्याने दोन दिवसांचा अभ्यासवर्ग घेतला. नाव छापू नये, ही त्याची विनंती आम्ही पाळली आहे.

आपल्या पायाखाली काय आहे?

वर्गाच्या आरंभी त्याने मुलांना विचारले, “आपण बसलो आहोत त्याच्या खाली काय आहे?” मुले म्हणाली, “माती.” “तिच्या खाली?” “मुरूम.” “आणि त्याच्या खाली?” विहिरींच्या मुलखातली मुले, ती चटकन म्हणाली, “काळा खडक.”

उत्तर बरोबर होते. प्रवरेच्या काठची आपली जमीन दख्खनच्या पठारावर आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी येथे भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, तोही एकदा नव्हे, तर पुन:पुन्हा. एक थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, अशा रीतीने बेसॉल्ट खडकाचे थर साचत गेले. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबडा, मऊ, गेरूसारखा पट्टा सापडतो. खडकाचा वरचा भाग ऊनपावसाने कुजला, त्याचा मुरूम झाला. मुरूम आणखी झिजला, त्याची काळी माती झाली. ही काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि घरांच्या भिंतींना जाणारे तडे या एकाच गुणाचे परिणाम आहेत.

म्हणजे वरून सलग दिसणारी जमीन आतून सलग नसते. वीस फुटांवर कठीण खडक लागला म्हणून पन्नास फुटांवरही तोच असेल, असे धरून चालता येत नाही. विहीर खणणाऱ्यांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मुरूम कुठे संपतो, सच्छिद्र मांजऱ्या दगड कुठे लागतो, तांबडा पट्टा आला की पाण्याची आशा का धरावी आणि कडेची भीती का बाळगावी, हे त्यांना पहारीच्या आवाजावरून कळते. पाणी कमी पडले की आपल्याकडे विहिरीच्या तळातून आडवे बोअर मारतात. मनगट-दंडाच्या जाडीची ती आडवी भोके म्हणजे भुयारांची धाकटी भावंडेच होत. भुयार हा काही दूरदेशीचा विषय नाही, तो आपल्या यारीच्या दोरापासून सुरू होतो, हे मुलांना त्या क्षणी उमगले.

भू-तांत्रिक अभियंता काय करतो?

यंत्र बनवणारा अभियंता पोलादाचा विचार करतो. पोलाद कारखान्यात तयार होते. त्याचा प्रत्येक तुकडा सारखा असावा, याची काळजी तेथेच घेतलेली असते. माती मात्र कोणी कारखान्यात तयार केलेली नाही. ती जशी आहे तशी स्वीकारावी लागते, आणि म्हणून आधी तिची ओळख करून घ्यावी लागते. ही ओळख शास्त्रशुद्ध रीतीने करून देणारा तो भू-तांत्रिक अभियंता. या शास्त्राला आजचे रूप मिळाले ते कार्ल टेर्झागी यांच्या 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापासून. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढला की मातीचा तग धरण्याचा जोर घटतो, हे त्यांनी गणिताने मांडून दाखवले. पावसानंतर दरड का कोसळते, याचे उत्तर येथे आहे.

जमिनीची चौकशी करण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांपैकी एक आमच्या विद्यार्थ्याने फळ्यावर आकृती काढून समजावली. जमिनीत बोअर घेऊन त्याच्या तळाशी एक पोकळ नळी उभी करतात. तिच्यावर 63.5 किलो वजनाचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून पुन:पुन्हा पाडतात. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढचे 30 सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले, ते मोजतात. चार-पाच ठोक्यांत नळी आत गेली तर जमीन पोकळ. पन्नास ठोके देऊनही गेली नाही तर जमीन अतिशय घट्ट किंवा खडकाळ. नळीत आलेली माती प्रयोगशाळेत जाते. खडक लागला तर त्याचा गोल दांडा कापून बाहेर काढतात आणि त्याचे तुकडे किती लांबीचे निघाले, हे पाहतात. पाणी किती खोलीवर आहे, ते पावसाळ्यात किती वर येते, हेही नोंदवतात.

ही नोंद अपुरी राहिली की काय होते, याचे एक जुने उदाहरण लंडनचे आहे. थेम्स नदीखालून भुयार नेण्याचे काम मार्क ब्रुनेल यांनी 1825 मध्ये सुरू केले. नदीच्या तळाखाली सलग चिकणमाती मिळेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मध्ये वाळू आणि गाळ निघाला. ब्रुनेल यांनी कामगारांच्या रक्षणासाठी लोखंडी ढाल बनवली होती. तिच्या 36 कप्प्यांत एकेक कामगार उभा राहून समोरची माती थोडी थोडी काढीत असे. तरीही 1827 मध्ये आणि 1828 मध्ये नदी भुयारात शिरली. दुसऱ्या वेळी सहा माणसे दगावली. भुयार खुले व्हायला 1843 साल उजाडले. ढालीची कल्पना पुढे जगभर गेली. आजची भुयारी यंत्रे तिचीच वंशज आहेत. मुंबईत आरे ते कफ परेड या 33.5 किलोमीटरच्या भुयारी मेट्रोसाठी अशी 17 यंत्रे वापरली गेली. यंत्रे बदलली, पण पुढे काय आहे हे आधी विचारण्याची गरज बदलली नाही.

विद्यार्थ्यांचे भुयार

विद्यार्थी भुयार खणतात, हे ऐकून पालकांना नवल वाटेल. अमेरिकेतील बोरिंग कंपनीने 2020 मध्ये जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा जाहीर केली. सुमारे अर्धा मीटर व्यासाचे आणि 30 मीटर लांबीचे भुयार शक्य तितक्या वेगाने व अचूकपणे खणून दाखवायचे, असे तिचे स्वरूप होते. जवळपास 400 अर्जांतून 12 संघ अंतिम फेरीसाठी निवडले गेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा ‘पृथ्वी’ हा संघ होता, याची नोंद आपण अभिमानाने घ्यावी. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे अंतिम फेरी झाली. जर्मनीतील म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ विजयी झाला, आणि त्याचे भुयारही 30 मीटरांपर्यंत पोहोचले नाही. ते सुमारे 22 मीटर गेले.

विजेत्यांनी वापरलेली रीत समजण्यास सोपी आहे. आधी एक खड्डा खणतात. त्यात यंत्र ठेवून त्याचे कापणारे तोंड जमिनीच्या भिंतीला भिडवतात. यंत्रामागे एक नळ लावून जॅकच्या जोराने संपूर्ण रांग पुढे ढकलतात. मग दुसरा नळ, मग तिसरा. कापलेली माती आतून मागे येते आणि नळांचीच भिंत होते. रस्ता न फोडता त्याखालून जलवाहिनी किंवा गटाराचा नळ न्यायचा असेल, तर हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरतात.

अशा गटांत बहुधा यंत्रशास्त्राची आणि विद्युतशास्त्राची मुले अधिक असतात. त्यांचे सारे लक्ष कापणाऱ्या तोंडाकडे, मोटारीकडे, दिशा दाखवणाऱ्या उपकरणांकडे असते. माती ही त्यांना यंत्राच्या मार्गात येणारी एक वस्तू वाटते. आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, पहिल्या बैठकीत त्यांनी मला यंत्राची चाळीस चित्रे दाखवली. मी विचारले, जमिनीचे चित्र कुठे आहे? ते एकमेकांकडे पाहू लागले.”

मग त्याने कामाची यादी करून दिली. खणण्याच्या जागी दोन बोअर घ्यावेत. पाण्याची पातळी मोजावी. यंत्राच्या तोंडाशी मातीवर किती दाब ठेवायचा, याचे गणित करावे. दाब कमी पडला तर वरची जमीन खचते, अधिक झाला तर ती वर उचलली जाते. नळ आणि माती यांच्यातील घर्षण कमी करण्यासाठी बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचे पातळ मिश्रण सोडावे. वरच्या जमिनीवर खुणा ठोकून त्या किती खाली जातात, हे रोज मोजावे. आणि ज्या खड्ड्यातून यंत्र सोडायचे, त्या खड्ड्याच्या भिंतींना आधार दिल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. भारतीय मानकानुसार दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना टेकू द्यावा लागतो किंवा त्यांना पुरेसा उतार द्यावा लागतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन असते. ती कमरेपर्यंत आली तरी माणसाची सुटका कठीण होते.

एका शनिवारची गोष्ट

याच खड्ड्यावरून एकदा प्रसंग ओढवला. यंत्राची पहिली चाचणी रविवारी, पाहुण्यांसमोर व्हावयाची होती. खड्डा तीन मीटर खोल, जमीन भरावाची. आधारासाठी मागवलेले पत्रे वेळेवर आले नव्हते. शुक्रवारी अवकाळी पाऊस झाला. शनिवारी सकाळी आमचा विद्यार्थी तेथे पोहोचला, तेव्हा मुले खड्ड्यात उतरण्याच्या तयारीत होती. तो खड्ड्याभोवती एकदा फिरला. काठापासून हातभर अंतरावर, काठाला समांतर, एक बारीक भेग गेली होती. सुतळी सरकावी इतकीच. त्याने सांगितले, “थांबा. आज कोणी उतरणार नाही. उद्याही नाही.”

मुले नाराज झाली. वर्षभराचे श्रम होते, पाहुणे ठरले होते, देणगीदार यायचे होते. एकाने विचारले, “ही भिंत पडेलच, असे तुम्ही खात्रीने सांगू शकता का?” त्याने उत्तर दिले, “नाही. पण ती पडणार नाही, अशी खात्री तुम्ही मला देऊ शकता का?” चाचणी तीन आठवडे पुढे गेली. एका देणगीदाराने हात आखडता घेतला. पत्रे आल्यावर खड्डा उतार देऊन पुन्हा खणला, आधार लावला आणि यंत्र सोडले. ती भिंत त्या रविवारी पडली असती की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. ‘थांबा’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला हेच येते: त्याचे म्हणणे खरे होते, याचा पुरावा कधीच मिळत नाही. तरीही ते म्हणण्याचे धैर्य हवे, आणि त्यामागे अभ्यास हवा.

ज्यांना ‘थांबा’ म्हणता आले नाही

येथे इतिहासाच्या शिक्षकाने बोलावे. आपल्या सह्याद्रीत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेणी खोदली गेली, ती निर्बुद्ध श्रमातून नव्हे. अजिंठ्याची अपुरी राहिलेली लेणी पाहिली तर काम छताकडून तळाकडे कसे उतरत गेले, खांबांसाठी दगड कसा राखून ठेवला, हे स्पष्ट दिसते. दगडाची नस ओळखल्याविना असे काम होत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानलेखांबरोबर, प्रवेशद्वाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचाही लेख आहे. हाताने काम करणाऱ्याचे नाव भिंतीवर कोरण्यास त्या परंपरेला संकोच वाटला नाही.

पुढच्या काळात ही नावे पुसली गेली. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेला गेला. त्यासाठी 25 बोगदे खोदले गेले. 1861 च्या सुमारास तेथे 40 हजारांहून अधिक मजूर राबत होते. कंत्राटदारांची आणि अभियंत्यांची नावे आपल्याला ग्रंथांत सापडतात. सुरुंगांनी, दरडींनी आणि पटकीच्या साथींनी गेलेल्या मजुरांची नावे सापडत नाहीत. त्यांपैकी किती जणांनी आदल्या दिवशी कड्यावरची भेग पाहिली असेल, आणि ती सांगण्याचा अधिकार किती जणांना होता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जाणतोच. डिसेंबर 1943 मध्ये त्यांनी कोळसा क्षेत्राचा दौरा केला आणि खाणीत उतरून कामगारांची स्थिती प्रत्यक्ष पाहिली. 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीची कायदेशीर तरतूद झाली. युद्धकाळात स्त्रियांना पुन्हा भूगर्भातील कामावर घेण्यास मुभा देण्यात आली होती. ती बंदी 1946 मध्ये परत लागू झाली. जमिनीखाली जो उतरतो, त्याच्या वतीने ‘थांबा’ म्हणणारा कोणीतरी शासनाच्या मेजावर असला पाहिजे, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

हा विषय जुना झालेला नाही. 12 नोव्हेंबर 2023 रोजी, ऐन दिवाळीत, उत्तराखंडातील सिलक्यारा येथे बांधकाम चालू असलेला बोगदा खचला आणि 41 कामगार आत अडकले. ढिगाऱ्यातून माणूस सरपटत येईल एवढा पोलादी नळ ढकलण्याचे काम सुरू झाले; रीत तीच, जी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत आपण पाहिली. अखेरचे काही मीटर उरले असताना मोठे यंत्र लोखंडात अडकून मोडले. तेव्हा बोलावले गेले ते अरुंद बिळांतून हाताने खोदणारे बारा श्रमिक. त्यांत दलित आणि मुस्लिम समाजांतील माणसे होती. नळात पडून, लहान अवजारांनी, त्यांनी उरलेले अंतर कापले आणि 28 नोव्हेंबरला, सतराव्या दिवशी, 41 जण सुखरूप बाहेर आले. ज्या पद्धतीच्या खाणकामावर 2014 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते घातक म्हणून बंदी घातली होती, त्याच हातांचे कौशल्य त्या दिवशी देशाला लागले. त्यांचा गौरव झाला, हे योग्यच. परंतु संकटात ज्यांचे हात लागतात, त्यांचे मत संकटापूर्वी कोणी विचारतो का? आपल्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न हा आहे.

वर्गातील दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी त्याने काचेची जुनी मासळीपेटी आणली. तिच्यात आधी कोरडी वाळू ओतली. वाळूचा ढीग किती उभा राहतो, ते मुलांनी कोनमापकाने मोजले. साधारण 30 ते 35 अंश आले. मग ओलसर वाळू दाबून भरली, तीत काचेलगत आडवा नळ पुरला आणि तो हळूच ओढून काढला. भुयार उभे राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने घड्याळ लावून ठेवले. “प्रत्येक जमिनीला आधाराविना उभे राहण्याची एक मुदत असते,” तो म्हणाला. “खडकाला वर्षे मिळतात, मुरमाला तास-दिवस, कोरड्या वाळूला क्षणही नाही. मुदत संपण्याआधी आधार द्यायचा, एवढाच भुयाराचा मंत्र.” मग वरून झारीने पाणी सोडले. थोडा वेळ काहीच झाले नाही. नंतर छताचा एक तुकडा सुटला आणि पाहता पाहता सारे बसले. थोडे पाणी वाळूला धरून ठेवते आणि जास्त पाणी तिला सोडवते, हे मुले आता विसरणार नाहीत.

त्या दिवशी आम्ही त्याच्या वडिलांनाही मुद्दाम बोलावले होते. आयुष्यभर त्यांनी विहिरी खणल्या. चोवीस वर्षांपूर्वी एका विहिरीवर मुरमाची कड ढासळून त्यांचा पाय निकामी झाला; सोबतचा गडी जागीच गेला. आमचा विद्यार्थी तेव्हा आपल्या वसतिगृहात सातवीला होता. त्या रात्री त्याला घरी घेऊन जाणाऱ्यांत आम्ही होतो. त्या कुटुंबाला त्या वेळी धीर देण्यापलीकडे आम्हाला काही करता आले नाही, ही खंत मनात आहे.

वडील काठी टेकत आले. मुलांनी ‘जय भीम’ घातला. त्यांनी टेबलावरच्या मातीच्या पुड्या एकेक करून बोटांत चोळल्या आणि कागदावरचे नाव न वाचता सांगितल्या: ही गाळाची, हा पिवळा मुरूम, ही विहिरीच्या खालच्या पट्ट्यातली. एकही चुकली नाही. मग लेकाने मुलांना त्या शनिवारच्या खड्ड्याची हकिकत सांगितली, भेगेपाशी आला आणि थांबला. वडील शांतपणे म्हणाले, “गुरुजी, आमच्या विहिरीला बी अशीच भेग व्हती. काठाला धरून. सकाळीच दिसली व्हती मला.”

एका मुलीने विचारले, “मग आजोबा, तुम्ही काम का नाही थांबवलं?”

“सांगितलं की मालकाला. ते म्हनले, यारीचं भाडं चालू हाये, आज काम झालंच पायजे. रोज बुडाला असता, पोरी. माझ्या म्हनन्याला कागद नव्हता.”

वर्ग बराच वेळ शांत होता. लेकाने वडिलांना बसायला खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, “आप्पा, तुमचीच भेग मी ओळखली. पुस्तकात ती नंतर वाचली.”

आम्ही तीस वर्षे इतिहास शिकवीत आहोत. शिक्षणाने नेमके काय बदलते, हे एवढ्या थोड्या शब्दांत आम्हाला कधी सांगता आले नव्हते. वडिलांकडे ज्ञान होते, अधिकार नव्हता. मुलाकडे तेच ज्ञान आले, त्याला गणिताची आणि पदवीची जोड मिळाली, आणि त्याच्या शब्दावर खड्ड्यात उतरणारी मुले थांबली. त्यांच्यातल्या बहुतेकांना विहिरीची कड कधी पाहावी लागली नसेल.

दान कशाचे द्यावे?

आपल्या समाजात ‘समाजाचे ऋण फेडणे’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ बहुधा पैशाशी लावला जातो. वर्गणी, वस्तुदान, शिष्यवृत्ती ही सर्व आवश्यक आहेत. या विद्यालयाची प्रत्येक खोली त्यांच्याच आधारावर उभी आहे. परंतु या माजी विद्यार्थ्याने जे दिले ते वेगळे आहे. त्याने आपले रविवार दिले, आणि कोणाला आवडणार नाही असा खरा सल्ला दिला. धम्मात प्रज्ञा आणि करुणा यांची सांगड सांगितली आहे. करुणा असेल पण भेग ओळखता येत नसेल, तर ती हळहळीपुढे जात नाही. भेग ओळखता येते पण बोलायचे नाही, अशी प्रज्ञा कोणाच्या उपयोगाची?

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे तीन बाबतींत आवाहन आहे. ज्यांनी अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, कृषी अशा कोणत्याही क्षेत्राचे शिक्षण घेतले, त्यांनी वर्षातून दोन दिवस विद्यालयास द्यावेत आणि आपल्या विद्येतील ‘थांबा’ कुठे म्हणावे लागते, ते मुलांना शिकवावे. दुसरे, आपल्या वस्त्यांत अजूनही विहिरी, शौचखड्डे, गटारे आणि जलवाहिन्यांचे चर खणण्यास आपलीच माणसे उतरतात. चराला आधार, काठापासून दूर टाकलेली माती, पावसानंतरची पाहणी आणि वर उभा असलेला एक जागता माणूस, एवढे नियम त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत. तिसरे, पालकांनी दहावीनंतरच्या तंत्रनिकेतन पदविकेचा मार्ग मुलांइतकाच मुलींसाठीही विचारात घ्यावा. त्या वर्गात प्रश्न विचारणारी मुलगीच होती, हे आम्ही ध्यानात ठेवले आहे.

वर्ग संपला तेव्हा मासळीपेटीतली ओली वाळू तशीच होती. ती फेकू नये, असे मुलांनी सांगितले. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ती ठेवली आहे. वडिलांनी ओळखलेल्या मातीच्या पुड्याही शेजारी आहेत; मुलांनी त्यांवर थराच्या नावाखाली ओळखणाऱ्याचे नावही लिहिले आहे.

स्वाध्याय

1. आपल्या गावातील एखाद्या जुन्या विहिरीच्या कडेचे थर वरून खाली क्रमाने लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना त्या थरांची नावे विचारा. विहिरीत उतरू नका.

2. कोरडी, ओलसर आणि चिंब वाळू यांचे ढीग करून त्यांचे उतार कोनमापकाने मोजा व फरकाचे कारण द्या.

3. थेम्सचे भुयार, बोरघाटाचे बोगदे आणि सिलक्यारा यांची तुलना करा. प्रत्येक ठिकाणी धोका कोणाच्या वाट्याला आला आणि निर्णय कोणाच्या हाती होता?

4. आपल्या कुटुंबातील कोणी कधी धोका ओळखूनही बोलू शकले नव्हते का? त्यांच्याशी बोलून ती हकिकत दहा ओळींत लिहा. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच लिहा.

नमो बुद्धाय. जय भीम.